आमच्या टीमने वापरून पाहिलं

आमच्या धाकट्या भावजींची एक टीम आहे. ती आजवर कुणी पाहिलेली नाही.

"आमच्या टीमने हा लॅपटॉप पंधरा दिवस कसून वापरला," असं ते लिहितात, तेव्हा तो लॅपटॉप दुपारच्या चहाला घरात आलेला असतो आणि रात्रीच्या जेवणाआधी परत खोक्यात गेलेला असतो. मधल्या वेळात काय होतं ते मी स्वतः पाहिलंय, कारण भावजी जिला 'आमची प्रयोगशाळा' म्हणतात ती म्हणजे माझ्या मधल्या खोलीतलं इस्त्रीचं टेबल. ते खिडकीपाशी आहे, उजेड चांगला येतो. माझे इस्त्रीचे कपडे खुर्चीवर जातात आणि टेबलावर लॅपटॉप येतो. शेजारी माझ्या कुंडीतलं रोप आणि एक कॉफीचा मग. तो रिकामाच असतो. "सांडलं तर परत घेणार नाहीत, वहिनी." स्क्रीनवरचा प्लास्टिकचा पापुद्रा ते अशा हलक्या हाताने सोडवतात, की तान्ह्या बाळाला झोपेतून उचलतानासुद्धा कुणी इतकं जपत नसेल. तो पुन्हा जसाच्या तसा बसवून कंपनीला परत पाठवायचा असतो ना! मग पाच-पन्नास फोटो निघतात. कंपनीने सोबत धाडलेल्या माहितीपत्रकाचं मराठी होतं. त्यात "बॅटरी दिवसभर आरामात टिकते" हे वाक्य ठरलेलं. चार्जरची पिशवी फोडलेलीही नसते.

भावजी म्हणजे माझे दीर. कॉम्प्युटर, सॉफ्टवेअर, मोबाइल यांच्या बातम्या आणि परीक्षणं देणारी त्यांची मराठी वेबसाइट आहे. मालक तेच, संपादक तेच, वार्ताहर तेच. आमचं घर दुमजली. खाली आम्ही दोघं, वर भावजी आणि माझी धाकटी जाऊ. वरच्या मजल्यावर उजेड कमी, म्हणून प्रयोगशाळा खाली.

त्यांचं हे वेड आजचं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा घरात पहिला कॉम्प्युटर नुकताच आला होता. त्याला शिवून घेतलेली खोळ होती, आणि ती काढायचा अधिकार एकट्या भावजींना. बाकी कुणी खोलीत नुसतं डोकावलं तरी आतून आवाज यायचा, "हात लावू नका, व्हायरस येईल!" सासूबाई बिचाऱ्या साडीच्या पदराने हात पुसून मग त्या खोलीत पाऊल ठेवायच्या. पुढे भावजींनी एका सॉफ्टवेअर विकणाऱ्या कचेरीत नोकरी धरली, मग सोडली. तिथे म्हणे त्यांच्या कल्पनांना वाव नव्हता. कल्पना कोणत्या, ते आम्हाला अजून कळायचंय.

नात्यागोत्यात मात्र त्यांचा शब्द शेवटचा. कुणी विचारो, "अमुक घेऊ का?" उत्तर एकच, "थांबा. नवीन येतोय." आमच्या ह्यांनी एकदा प्रिंटर घ्यायचा म्हणून भावाला विचारलं. थांबता थांबता हे निवृत्त झाले. आता छापायला काही उरलेलं नाही, पण भावजी परवासुद्धा म्हणाले, "दादा, घाई केली नाहीस ते बरं केलंस."

आणि जगाला "अपडेट ताबडतोब करा, आजच करा" असं ठणकावून सांगणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर अपडेटची खिडकी उघडली, की ते न बघता 'नंतर आठवण करून द्या' दाबतात. त्यांचं बोट ती जागा आता झोपेतही शोधेल.

त्यांच्या लेखांखाली चर्चेची जागा आहे. वाचक तिथे शंका विचारतात, कुणी वाद घालतो. कुणी भावजींची चूक काढली, की लगेच 'जिज्ञासू वाचक' नावाचे एक गृहस्थ धावून येतात आणि भावजींची बाजू घेतात. हे गृहस्थ प्रत्येक वाक्याची सुरुवात "सोप्या भाषेत सांगायचं तर" अशी करतात. आमच्या घरात अशी सुरुवात आणखी कोण करतं, हे मी सांगायला नको. भाजीत मीठ कमी पडलंय हेसुद्धा भावजी मला सोप्या भाषेत सांगतात.

आता जावेविषयी. ती पुस्तकांची मांडणी करते. कुणाचा प्रबंध, कुणाची स्मरणिका, पाठ्यपुस्तकांतल्या आकृत्या. वर तिच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर आहे आणि चित्र काढायची पाटी-लेखणी आहे. पाटीवर रेघ ओढली की ती पडद्यावर उमटते. दिवसभर ती खाली मान घालून बसलेली. शिवाय भावजींचा प्रत्येक लेख आधी तिच्याकडे जातो. "जरा नजर टाक," म्हणतात ते. नजर टाकायची म्हणजे अर्धवट वाक्यं पुरी करायची, ऱ्हस्व-दीर्घ बघायचे आणि लेख वेबसाइटवर चढवायचा. त्या 'टीम'मध्ये खरं कुणी असलंच, तर ही एकटी. तिचं नाव मात्र कुठे नाही.

नाव यायची वेळ एका वर्षी आली होती.

आमच्या ओळखीच्या एक बाई आहेत, कर्णबधिर मुलांच्या शाळेत हयात घालवून निवृत्त झालेल्या. त्यांना हातखुणांचं चित्रमय पुस्तक करायचं होतं. नव्याने शाळेत येणाऱ्या मुलांसाठी, आणि त्याहून जास्त त्यांच्या आईबापांसाठी. बाई दुपारी यायच्या, जावेसमोर बसून एकेक खूण करून दाखवायच्या. ही फोटो काढायची, मग त्यावरून पाटीवर चित्र. अंगठा कुठे दुमडतो, मनगट कुठे वळतं, हात कोणत्या दिशेने जातो त्याचा बाण. बाईंना संधिवात. बोटं दिवसेंदिवस आखडत चाललेली. एखादी खूण नीट जमायची नाही, तेव्हा त्या हसून म्हणायच्या, "उरकून घे गं लवकर, नाहीतर मुलं माझ्यासारखं वाकडं बोलायला शिकतील."

पुस्तक शाळा उघडण्याआधी छापून यायचं होतं. मुखपृष्ठ तयार झालं होतं. त्यावर 'चित्रं आणि मांडणी' असं लिहून खाली जावेचं नाव. तिने ते छापून आणून माझ्या फ्रिजवर चिकटवलं. "वर लावलं तर हे म्हणतील, अक्षराचा फाँट जुना आहे," ती म्हणाली.

पुस्तक जवळजवळ पुरं झालं आणि तिच्या कॉम्प्युटरने जागा संपल्याचं सांगितलं. चित्रं साठवता येईनात. तिने नवऱ्याला विचारलं. नवरा कुठल्याशा कंपनीच्या नव्या मोबाइलच्या अनावरणाचं थेट प्रक्षेपण बघण्यात गढलेला.

"लेख लिहिलाय ना मी त्यावर! तूच चढवलायस. वाच की."

लेखाचं नाव होतं 'कॉम्प्युटर भरलाय? या पाच सोप्या पायऱ्या'. जावेने तो समोर उघडून ठेवला आणि एकेक पायरी निमूटपणे केली. नवऱ्याचं लिखाण एवढ्या विश्वासाने वाचणारी सबंध जगात ती एकटीच असेल.

फोटो, चित्रं, पानं असा तिच्या कामाचा सगळा फोल्डर कॉम्प्युटरवर होता आणि त्याची जोडप्रत इंटरनेटवर एका कंपनीच्या साठवणीत होती. या दोन्ही प्रती एकमेकींना बांधलेल्या असतात. इथे चित्र बदललं की तिथे बदलतं, इथलं पुसलं की तिथलंही पुसतं. लेखात होतं, "जोडप्रत सुरक्षित आहेच, तेव्हा कॉम्प्युटरवरचा फोल्डर निर्धास्त उडवा." तिने उडवला. शेवटची पायरी होती, "दोन्हीकडच्या कचरापेट्याही रिकाम्या करा, मनालाही हलकं वाटेल." तिने केल्या.

पूर्वी ती सगळ्या कामाची आणखी एक प्रत एका वेगळ्या डिस्कवर काढून कपाटात ठेवायची. पण भावजींनी 'डिस्कचा जमाना संपला' असा लेख लिहिला आणि ती डिस्क स्वतःचे व्हिडिओ ठेवायला घेऊन गेले.

मी कणीक मळत होते. जाऊ स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मी म्हटलं, "काय गं?"

"ताई, पुस्तक गेलं."

"छापायला?"

तिने नाही म्हणून मान हलवली. मग खाली बसलीच.

मी तिला घेऊन वर तिच्या खोलीत गेले. भावजी आले, पडद्याकडे पाहिलं आणि निदान केलं. "यूजर एरर. काहीतरी भलतंच दाबलं असशील."

"तुमच्या लेखात होतं तेच केलं."

"मग नीट वाचला नसशील."

मी कॉलेजात इंग्रजी घेतलं होतं. त्याचा उपयोग पुढे फारसा झाला नाही, पण त्या संध्याकाळी झाला. लेखाच्या तळाशी बारीक अक्षरात 'साभार' म्हणून एका परदेशी साइटचा दुवा होता. मी तो उघडला. मूळ लेखात पहिलीच पायरी ठळक टाइपात होती. आधी दोन्ही प्रतींची जोडणी तोडा, तोवर काहीही पुसू नका. आमच्या मराठी लेखात ती पायरी नव्हती. कचरापेटीची पायरी मात्र मूळ लेखात नव्हती. ती आमच्या टीमची भर.

मी भावजींना तसं दाखवलं. ते जराही गडबडले नाहीत.

"ती संपादनात गेली, वहिनी. त्यांच्याकडे पायऱ्या पाच होत्या. आमची एक वाढली, तर सहा झाल्या. वाचकाला पाच आवडतात. सहा म्हटलं की माणूस पान उलटतो."

"मग तुमची काढायची."

"ती ओरिजिनल होती!"

त्या लेखाखालची चर्चा मी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचली. कुणाच्या मुलीचे लहानपणापासूनचे फोटो गेले होते, कुणाचे दुकानाचे हिशेब. प्रत्येकाखाली जिज्ञासू वाचकांचं उत्तर, "सोप्या भाषेत सांगायचं तर, चूक तुमच्याकडून झालेली दिसते."

"भावजी, हा लेख आज काढून टाका."

"भलतंच काय, वहिनी! सगळ्यात जास्त वाचला जाणारा लेख आहे तो. मध्येच हात लावला तर इंटरनेटवरच्या शोधात खाली घसरतो." मग बायकोच्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "आणि तू कशाला रडतेस? त्या कंपनीत माझी वरपर्यंत ओळख आहे. एक फोन टाकला की तुझं पुस्तक परत."

ती रडत नव्हती. पण त्या एका वाक्यावर ती तगली. बाईंनाही तिने तेच सांगितलं. बाई म्हणाल्या, "तुझ्या यजमानांच्या ओळखी आहेत म्हणून बरं. आम्ही कुणाला विचारणार होतो?" भावजी समोरच होते. त्यांनी हात नम्रपणे हलवला, अहो त्यात काय मोठंसं.

रोज जेवताना जाऊ विचारायची, "झालं का बोलणं?"

"झालंय. वर गेलंय."

दुसऱ्या दिवशी, "त्यांचा सर्व्हर परदेशात असतो. तिथे आत्ता रात्र असेल."

तिसऱ्या दिवशी, "मोठ्या कंपन्यांत असं मागे लागलेलं आवडत नाही."

आमचे हे एकदा ताटावरूनच म्हणाले, "अरे, नुसतं वर वर जातंय, खाली कधी येणार?" भावजी हसले. दादाला या क्षेत्रातलं काय कळतंय, असं ते हसणं होतं. आणि खरं सांगते, मीसुद्धा मनात म्हणत होते, माणूस पोकळ असला तरी बायकोचं काम आहे, एवढं तरी करील.

शाळा उघडायला थोडेच दिवस राहिले. एका दुपारी जाऊ भावजींच्या जुन्या लॅपटॉपवर तिचं काम घेऊन माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती. वरच्या खोलीत तिला करमेनासं झालं होतं. मी भाजी निवडत होते. भावजींनी नवा लेख नजर टाकायला धाडला होता. ती वाचता वाचता थांबली.

"ताई, ऐका हं. 'फाइल चुकून उडाली? घाबरू नका. कचरापेटी रिकामी केली तरी कंपनीकडे ती काही दिवस शिल्लक असते. ग्राहक मदत केंद्राला फोन करा किंवा साधा अर्ज भरा. त्यासाठी कुणाची ओळख लागत नाही. मात्र मुदत टळली, तर कंपनीही काही करू शकत नाही. तेव्हा विलंब करू नका, आजच...'"

"म्हणजे माहीत आहे की यांना," मी म्हटलं. "मग त्यांनी अर्ज केला असणारच."

ती पुन्हा पडद्याकडे वळली होती. फाइल कधी लिहायला घेतली ते बघत होती. पुस्तक गेलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी. अर्धा लेख तेव्हाच लिहून झाला होता. मग मध्ये कुठल्या तरी नव्या फोनची बातमी आली, म्हणून हा मागे पडला, एवढंच.

तिने लेखातलाच नंबर फिरवला आणि फोन स्पीकरवर ठेवला. पलीकडे एक मुलगी होती, आवाज गोड आणि थकलेला. जावेने सगळं सांगितलं. "माझ्या मिस्टरांनी अर्ज केला असेल, त्याचं काय झालं बघा ना."

"या खात्यासाठी आमच्याकडे काहीही आलेलं नाही, मॅडम."

"फोन? ओळखीतून कुणी?"

"ओळखीतून कुणाला? इथे आम्हीच बसतो, मॅडम." थोड्या वेळाने ती म्हणाली, "तुम्ही मागच्या आठवड्यात फोन केला असता तर सगळं मिळालं असतं. आता नाही हो. सॉरी."

जावेने तिचे आभार मानले. दोनदा मानले.

तेवढ्यात भावजी कॅमेऱ्याची तिपाई न्यायला खाली आले. संध्याकाळी कुठल्या तरी हॉटेलात अनावरण होतं, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट. इस्त्री मीच केलेली.

"तुम्ही त्यांना कळवलंच नाहीत," जाऊ म्हणाली.

"कुणाला? हां, ते. अगं, मेल लिहून तयार आहे."

"पाठवला नाहीत."

"योग्य माणूस नको का? मी असा ग्राहक मदत केंद्रात अर्ज करत बसू? माझं एक नाव आहे तिथे." ते तिपाईची कळ फिरवत होते. "आणि पहिला प्रश्न काय विचारला असता त्यांनी? कसं उडालं! मग मी काय सांगायचं, माझाच लेख वाचून?"

मी म्हटलं, "म्हणजे तिचं पुस्तक जाऊ दिलंत, पण नाव राखलंत."

"वहिनी, सोप्या भाषेत सांगायचं तर, आमच्या धंद्यात विश्वासार्हता हेच भांडवल."

तिपाई खाकोटीला मारून ते गेले. जाताना आरशात बघायला विसरले नाहीत.

मला वाटलं आता ही कोसळेल. तिने पाण्याचा पेला संपवला आणि लेख तपासायला घेतला. सगळे ऱ्हस्व-दीर्घ नीट केले. वाक्यं पुरी केली. मग सुरुवातीला चार ओळी स्वतःच्या घातल्या आणि मला वाचून दाखवल्या.

"या लेखकाने पूर्वी इथेच जागा मोकळी करण्याच्या पाच पायऱ्या दिल्या होत्या. सर्वांत महत्त्वाची पायरी त्याने गाळली, कारण सहा आकडा बरा दिसत नव्हता. त्याच्याच घरातल्या बाईचं काम त्यामुळे गेलं. ते परत मिळालं असतं, पण लेखकाने लाजेपोटी कंपनीला कळवलं नाही आणि कळवल्याचं खोटं सांगत राहिला. तुम्ही लाजू नका."

"चढवू?" तिने विचारलं.

"मला काय विचारतेस? संपादक तू आहेस."

लेख चढला. जुन्या लेखातही तिने गाळलेली पायरी सर्वांत वर घातली आणि कचरापेटी काढली. पायऱ्या पाचच राहिल्या.

त्या संध्याकाळी मी जिन्याखालीच घोटाळत होते. म्हटलं, आज आभाळ कोसळणार. भावजी आले ते मोबाइलमध्ये बघत, आणि चेहरा फुललेला.

"वहिनी, बघितलंत? काय प्रतिसाद आहे! 'असा प्रामाणिक लेखक पाहिला नाही', 'स्वतःची चूक कबूल करायला छाती लागते'... मी नेहमी म्हणतो, वाचकाला अनुभव द्यावा लागतो."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. कुठेतरी एखादी सुरकुती हलेल असं वाटलं. नाही हलली. ज्या ओळींनी दुसरा माणूस महिनाभर तोंड लपवून बसला असता, त्या ओळी या गृहस्थांनी स्वतःच्या नावावर जमा करून घेतल्या होत्या. पुढे एका संस्थेने त्यांना 'तंत्रज्ञान लेखनातील सचोटी' या विषयावर भाषणाला बोलावलं. ते गेले आणि रंगले, असं ऐकलं. खोटेपणाचीही काही इभ्रत असते. उघडा पडल्यावर निदान ओशाळतो. हे त्याच्याही पलीकडचं काहीतरी होतं, आणि त्याला अजून मराठीत शब्द सापडलेला नाही.

शाळा पुस्तकावाचूनच उघडली. बाईंना खरं काय ते जावेने घरी जाऊन सांगितलं. बाईंनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "उद्या येते."

पण मधल्या काळात बोटं आणखी आखडली होती. कितीतरी खुणा त्यांना आता करताच येईनात. तेव्हा त्यांनी जावेचे हात हातात घेतले आणि एकेक बोट धरून, दुमडून, वळवून खूण बसवायला सुरुवात केली. फोटो मी काढायचे. इस्त्रीच्या टेबलापाशी, त्याच खिडकीच्या उजेडात. भावजींना प्रयोगशाळा वर न्यावी लागली. पुस्तकात सुरुवातीच्या खुणा म्हाताऱ्या हातांच्या आहेत, कारण तेवढी पानं बाईंनी तपासायला म्हणून छापून नेली होती. पुढचे सगळे हात जावेचे. मला ते पुस्तक तसंच आवडतं.

पावसाळा सरता सरता पुस्तक आलं. छापखान्याचा गठ्ठा मधल्या खोलीत पडला होता, सुतळीही सोडलेली नव्हती. जाऊ कात्री आणायला गेली तेवढ्यात भावजींनी गठ्ठ्याचे चार फोटो काढले, शेजारी माझी कुंडी ठेवून. आम्ही पुस्तकं सोडवून एकेक पान उलटत होतो, तोवर यांचा लेख तयार. लॅपटॉप तिच्यापुढे सरकवून म्हणाले, "तुझ्यावरच लिहिलंय. जरा नजर टाक."

पहिलंच वाक्य मला माझ्या जागेवरून दिसलं. 'आमच्या टीमने हे पुस्तक पंधरा दिवस वापरून पाहिलं.'

जावेने लॅपटॉप शांतपणे मिटला आणि त्यांच्याकडे परत सरकवला.

"टीमला सांगा ना," ती म्हणाली आणि पुढचं पान उलटलं.